इंजिन थांबेल तिथे

विशाखपट्टणम,
कार्तिक शुद्ध पंचमी

प्रिय चिट्टी,

अनेक आशीर्वाद. दूरध्वनीवर तू माझे एकही वाक्य पूर्ण होऊ देत नाहीस, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्रातले वाक्य कोणालाही मध्येच तोडता येत नाही. फार तर वाचणे थांबवता येते, आणि थोरल्या भावाचे पत्र अर्धे वाचून बाजूला ठेवण्याइतकी तू अजून बंगळूरची झाली नसशील, असे मी धरून चालतो. लेकाला, फणीला, तुझा चष्मा शोधून द्यायला सांग, खिडकीपाशी बस आणि सावकाश वाच.

मुख्य वर्तमान आधी. आवळ्याने कुंडी फोडली. तू जाताना ते झाड माझ्या अंगणात आणून ठेवलेस, तेव्हाच कुंडीच्या काठाला केसाएवढी चीर होती. आश्विनातल्या पावसात ती रुंदावत गेली आणि दसऱ्यानंतर एका सकाळी सिमेंटचा अर्धा भाग निखळून बाजूला पडलेला दिसला. मुळे मात्र कुंडीच्या आकारातच गोल वळून बसली आहेत, जणू काही भिंत अजून तिथेच आहे. ओले गोणपाट गुंडाळून मी ती झाकली आहेत, पण हा उपाय फार दिवस पुरणारा नाही. झाडाला आता जमीन हवी. कार्तिकातल्या शेवटच्या रविवारी, वनभोजनाच्या दिवशीच, ते जमिनीत लावायचे असे आपल्या चालणाऱ्या म्हाताऱ्यांच्या टोळीने ठरवले आहे. कुठे लावायचे यावरून पुष्कळ वाद झाला. त्याविषयी पुढे लिहितो. कोटेश्वरराव बावगारू जाऊन तीन वर्षे झाली, तरी तू नवऱ्याच्या या झाडाला अजून ‘यांचं झाड’ असेच म्हणतेस. यांचे झाड तुझ्यावाचून मातीत जाऊ नये, एवढीच माझी इच्छा; आणि तू तर ‘मी येणार नाही’ म्हणून बसली आहेस.

ते झाड कुंडीत आले कसे, हे तुला आठवत असेलच; तरीही लिहितो, कारण लिहिताना मला बरे वाटते. मुदसरलोवाच्या तळ्याकाठी एक जुना आवळा होता. कार्तिकात आवळ्याच्या छायेत पाने मांडून जेवायचे, हा आपल्याकडचा रिवाज. आणि आपल्या टोळीची पहिली वनभोजने त्याच झाडाखाली झाली. म्हाताऱ्या माणसांना बसने जाता येईल, गुडघ्यांना न दुखवता चालता येईल, टेकायला दगड असेल आणि वर आवळाही असेल, अशी जागा शहराच्या आसपास मिळणे किती कठीण असते, हे आपल्याला ते झाड गेल्यावर कळले. त्या मोठ्या वादळाने शहरातली झाडे आडवी केली, त्यांत तेही गेले. कार्तिकात आपण डबे घेऊन पोहोचलो तर उन्मळलेले खोड आणि त्याच्या मुळांच्या खळग्यात साचलेले पाणी. सगळे हिरमुसून उभे राहिले. सुवार्तम्मा रुग्णालयात परिचारिका म्हणून आयुष्य काढलेली बाई. तिला दुःखात फार वेळ उभे राहण्याची सवय नाही. ती म्हणाली, “आता कसलं वनभोजन? डबे उघडा नि गप जेवा. पुळिहोरा भात गार होतोय.” तेवढ्यात बावगारूंनी पिशवीतून दह्याचे मडके बाहेर काढले. आदल्या कार्तिकात तू आवळा कोरून त्यात तुपाचा दिवा लावला होतास. त्याची बी त्यांनी त्या मडक्यात खोचली होती. वीतभर काडी आणि तिला चार पिसासारखी पाने. ते मडके त्यांनी मधोमध ठेवले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “मास्टरु, तुम्ही पंडित. शास्त्रात आवळ्याखाली जेवा म्हटलंय. आवळा किती उंच पाहिजे, ते कुठं म्हटलंय का?” मला तशी अट आठवेना. जोगारावने एवढा देह, बंदरातल्या यारीवर पस्तीस वर्षे बसून वाढवलेला, तिथल्या तिथे जमिनीवर पसरला, डोके मडक्याला टेकवले आणि एका पानाखाली नाक नेऊन म्हणाला, “मी खाली आलो. तुमचं तुम्ही बघा!” तू इतकी हसलीस की तुझ्या हातातला दहीभात खादर वली गारूंच्या टोपीत सांडला. ती टोपी त्यांनी अजून ठेवली आहे. ‘अक्काचा डाग’ म्हणून दाखवतात.

त्यानंतर आपण जंगलात जाण्याऐवजी जंगल आपल्याबरोबर येऊ लागले. पहिली दोन वर्षे ते मडके बसमध्ये बावगारूंच्या मांडीवर बसून आले, आणि वाहकाने थट्टेने त्याचे अर्धे तिकीट मागितले. पुढे मातीची कुंडी झाली, जोगारावच्या पुतण्याची रिक्षा आली. मग सिमेंटची कुंडी, आणि तिच्यासाठी खादर वली गारूंनी कुठल्याशा फलाटावरून निकामी म्हणून काढलेली सामानाची ढकलगाडी मिळवली. भीमिलीच्या दीपगृहापाशी, गोस्तनी समुद्राला मिळते त्या वाळूवर, तांबड्या मातीच्या दिब्बांमध्ये, म्हणजे त्या टेकाडांमध्ये, कंबालकोंड्याच्या पायथ्याशी. जिथे जिथे आपल्या टोळीला चालवेल, तिथे तिथे आवळा गेला. भीमिलीला तर दोन परगावच्या मुलींनी विचारले होते, “आजोबा, हे झाड फिरायला आणलंय?” आणि बावगारू गंभीरपणे म्हणाले होते, “हो, डॉक्टरनं सांगितलंय.” एका कार्तिकात तू त्याच्या शेजारी उभी राहिलीस तेव्हा शेंडा बरोबर तुझ्या अंबाड्याला लागला. पुढच्या वर्षी ते तुझ्याहून उंच होते. झाड चढत गेले आणि आपण ओसरत गेलो. मधले एक वर्ष दोघे बरोबरीला होतो. ते वर्ष मला फार आवडते.

आता टोळीच्या नियमाविषयी. तो नियम तुझा आहे, हे नव्या मंडळींना ठाऊक नसते, म्हणून मी प्रत्येकाला सांगतो. आपल्या पहिल्यावहिल्या चालीत, कैलासगिरीच्या पायऱ्यांवर, सुवार्तम्माचा दमा उसळला होता. आपण पुढे जाऊन थांबायचो, ती धापा टाकत पोहोचायची, आणि ती पोहोचली की आपण, पुरेसे विसावलेले, उठून चालू लागायचो. तिसऱ्यांदा असे झाले तेव्हा तू खाली बसलीस आणि सगळ्यांना रागावून म्हणालीस, “अरे, बसायची गरज जिला, तीच तेवढी बसत नाही! आपण बसतो आणि चालायची पाळी तिच्यावर. उद्यापासून सगळ्यांत हळू चालणारा सगळ्यांत पुढे. तो चालेल तसं चालायचं, तो थांबेल तिथं थांबायचं.” खादर वली गारू आगगाडीचे निवृत्त गार्ड, त्यांना ही व्यवस्था एकदम पटली. पुढच्याला त्यांनी ‘इंजिन’ नाव दिले, स्वतः शिट्टी घेऊन सगळ्यांच्या मागे गेले, आणि इंजिन थांबले की शिट्टी वाजू लागली. सुवार्तम्मा कितीतरी वर्षे इंजिन होती. जोगाराव मागून ओरडायचा, “आमचं इंजिन कोळशावर चालतं की कॉफीवर?” आणि ती मागे न वळता म्हणायची, “तुला ओढतंय ना, मग मालगाडीनं बोलू नये!”

तुला हा नियम सुचला तो तिथे, पण त्याचे मूळ मला माहीत आहे. आपण लहान असताना वडील, आपले नान्नगारू, आपल्याला माधवधारेच्या बाजूने, पायऱ्यांच्या वाटेने, सिंहाचलाला घेऊन जात. ते मागून स्तोत्र म्हणत येत आणि तू परकराचा ओचा खोचून पुढे पळत असायचीस. प्रत्येक वळणावर बसून हाक मारायचीस, “अन्नय्या, आलास का?” मी जीव घेऊन तिथपर्यंत पोहोचायचो, आणि मी पोहोचताच तू उठून पुढच्या वळणाकडे पळायचीस. मला विसावा असा कधी मिळालाच नाही. देवळापर्यंत जाऊन माझ्या डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि तू प्रसादाच्या रांगेत पहिली असायचीस. त्यानंतर पन्नास वर्षांनी कैलासगिरीच्या पायऱ्यांवर सुवार्तम्माला पाहून तुला ते उमगले. उशीर झाला, पण उमगले हे महत्त्वाचे.

इकडची बातमी लिहायची तर समुद्रकाठ तसाच आहे. पहाटे वाहने बंद करतात तेव्हा अर्धे शहर तिथे चालत असते आणि उरलेले अर्धे बसून त्यांना नावे ठेवत असते. मी हल्ली पूर्ण फेरी मारत नाही. मधल्या वळशावर एक चांगले बाक आहे, तिथे बसून भरती पाहतो. आपल्या वयात समुद्राने चालावे आणि माणसाने पाहावे, हे मला योग्य वाटते. डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या आहेत, एवढेच; काळजीचे काही नाही. मुदसरलोवाच्या बागेच्या दारातल्या फलकावरची चूक अखेर सुधारली. तीन वर्षे मी तिथल्या माळ्याला सांगत होतो. मात्र ती सुधारताना त्यांनी दुसरी केली आहे. तळ्यात पाणी भरपूर आहे, पाणकोंबड्या आल्या आहेत, आणि ज्या खळग्यात आपला आवळा होता तिथे आता लहान मुलांची घसरगुंडी बसवली आहे. सुवार्तम्माचा दमा नव्या फवाऱ्याने इतका आवरला की ती आता जोगारावला मागे टाकते आणि मागे टाकताना एखादे वाक्यही टाकते. जोगारावच्या बायकोच्या, आपल्या पद्मावतीच्या, मोतीबिंदूचे काम झाले. तिने पहिल्यांदा पट्टी काढून नवऱ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “बाई गं, एवढे पिकलात?” सगळे तुझी चौकशी करतात, आणि प्रत्येकाला मी तेच उत्तर देतो, की ती बरी आहे, अकराव्या मजल्यावर आहे.

गेल्या कार्तिकाविषयी आपण दोघे कधीच बोललो नाही. आता बोलतो, आणि तू मध्ये बोलू शकत नाहीस याचा लाभ घेतो. बावगारूंनी फार पूर्वीपासून म्हणून ठेवले होते, की एकदा आवळा नेमलिकोंड्यावर न्यायचा, जिथून समुद्र दिसतो तिथे. ते असताना तो बेत तडीस गेला नाही. म्हणून गेल्या वर्षी आपण भीमिलीच्या रस्त्याला उतरून त्या टेकडीवर निघालो. गुडघ्यामुळे तू दोन वर्षांपासून इंजिन होतीस आणि कोणालाही त्यात वावगे वाटत नव्हते. टेकडीची वाट तांबडी, रुंद, चार वळणांची आणि मग माथा. तिसऱ्या वळणावर तू काठी टेकून उभी राहिलीस, मग त्या सपाट खडकावर बसलीस, आणि म्हणालीस, “झाड वर न्या. मी इथं बसते. येताना मला उचला.” शिट्टी वाजली. कोणीही हलले नाही. जोगाराव ढकलगाडीला दगड लावीत म्हणाला, “अक्का, इंजिनाशिवाय डबे वर गेलेले कधी ऐकलंस?” तू दुसऱ्यांदा सांगितलेस, तिसऱ्यांदा ओरडलीस. मग पद्मावतीने तिथेच, वाटेच्या कडेला, पाने मांडली. पुळिहोरा, फणसाची मोहरी लावलेली भाजी, भोपळ्याचे आंबट दप्पळम, पुरणाचे बूरेलु. आवळ्याची सावली तुझ्या पानावर पडेल अशी गाडी फिरवली. तेवढ्यात वरून एक दूधवाला फटफटीने खाली आला आणि धूळ उडवून गेला. तू पानावर हात आडवा धरलास आणि तो हात शेवटपर्यंत काढला नाहीस. परत येताना बसमध्ये एवढेच म्हणालीस, “माझ्यापायी एवढी माणसं रस्त्यावर धुळीत जेवली.” महिनाभरात तू फणीकडे गेलीस. नियम तू केलास, अनेक वर्षे दुसऱ्यांना तू पुढे चालवलेस, पण तुझी स्वतःची पाळी आली तेव्हा तो तुला सोसवला नाही. यात तुला दोष देत नाही. पुढे चालणे म्हणजे काय, हे मागे चालणाऱ्याला कळत नसते.

परंतु त्या दिवसाची इतरांची आठवण तुझ्या आठवणीशी जुळत नाही, आणि ही माहिती तुझ्यापासून लपवून ठेवणे अनुचित होईल. गेल्या आठवड्यात समुद्रकाठच्या त्या बाकावर, चुरमुऱ्यांचे पुडे हातात घेऊन, आवळा कुठे लावायचा याची सभा भरली होती. सुवार्तम्माने मुदसरलोवाचे नाव सुचवले. तिचे म्हणणे असे, “टेकडीवर झाड लावाल, पण मला तासातासाला जायला लागतं त्याचं काय? तळ्यावर निदान आडोसा आहे.” जोगाराव माथ्यासाठी हटून बसला: “कोटेश्वरराव गारूंचा शब्द आहे. वर म्हणजे वर. मला खांद्यावर न्यायला लागला तरी नेईन.” “तुला कोण नेणार, ते आधी सांग,” सुवार्तम्मा म्हणाली. पद्मावतीने विचारले, की माथ्यावर लावलेल्या झाडाखाली पुढच्या वर्षी जेवणार कोण, वानरे? शब्दाने शब्द वाढला. मग तिसऱ्या वळणाचा विषय निघाला आणि सगळे एकदम मवाळ झाले. सुवार्तम्मा म्हणाली, “तिथं दोन ताडांच्या मधून समुद्र दिसतो ना, तसा माथ्यावरून नाही दिसत. मी नंतर भाच्याबरोबर जाऊन बघितलंय. वरून नुसता पसरलेला असतो, कुठं बघावं कळत नाही.” खादर वली गारूंना बंदराबाहेर रांगेत थांबलेली जहाजे आठवत होती, ते म्हणाले की सिग्नल न मिळालेल्या गाड्या इतक्या शांत उभ्या त्यांनी जन्मात पाहिल्या नव्हत्या. पद्मावती त्या वेळी एका डोळ्याने पाहत होती, तरी तुझ्या पानावर डोलणारी आवळ्याची सावली तिला दिसली होती. आणि धुळीचे नाव मी काढले, तर जोगाराव म्हणाला, “धूळ? मला वाटलं जिऱ्याची पूड टाकलीय. मी तर दुसऱ्यांदा मागून घेतली!” चिट्टी, तू जो दिवस लाजेने घेऊन गेलीस, तो इथे सगळ्यांनी जपून ठेवला आहे.

वाद तरीही मिटेना. शेवटी खादर वली गारूंनी खिशातून शिट्टी काढली, पण वाजवली नाही, नुसती तळहातावर धरली. ते म्हणाले, “एवढी वर्षं एकच नियम पाळला ना? इंजिन थांबलं की गाडी थांबली. झाड काय गाडीच्या बाहेर आहे? नेमलिकोंड्याच्या वाटेनं निघायचं. इंजिन जिथं थांबेल, तिथं खड्डा. पायथ्याशी थांबलं तर पायथ्याशी, माथ्यावर गेलं तर माथ्यावर.” हे सगळ्यांना पटले. वनखात्याने वाटेच्या कडेला एक झाड लावायला होकार दिला आहे, आणि जोगारावचा पुतण्या उन्हाळ्यात रिक्षातून पाणी नेईल. म्हणजे सगळे ठरले. राहिले ते इंजिन.

तू म्हणालीस, “माझ्या नावाचं इंजिन भंगारात काढा, अन्नय्या.” तू असेही म्हणालीस, की इमारतीखाली गाड्यांच्या मधून तू रोज संध्याकाळी फेऱ्या घालतेस, आणि तिथे चालायला जागा आहे, पण पोहोचायला जागा नाही. हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. फणी चांगला मुलगा आहे. मी त्याला विचारले तेव्हा तो काळजीने म्हणाला, “मावय्या, अम्माला प्रवासाचा त्रास नको.” पण त्याच बोलण्यात, माझ्याशी फुशारकी मारावी म्हणून, त्याने एक गोष्ट सांगून टाकली: गेल्या महिन्यात उद्वाहक बंद पडला, आणि कोणी यायची वाट न पाहता तू काठीने सावकाश चार मजले चढून गेलीस, वर बसायला खुर्ची मिळाली नसती तर पुढेही गेली असतीस. चार मजले, चिट्टी. नेमलिकोंड्याचे तिसरे वळण काही त्याहून वर नाही. मी हे गणित तुझ्यासमोर मांडून ठेवतो आणि त्यावर भाष्य करत नाही.

आता हे पत्र लिहिण्याचे खरे कारण. गेल्या रविवारी वाट कशी आहे ते पाहायला आम्ही नेमलिकोंड्याला गेलो. पायथ्याशी नेहमीप्रमाणे मी मधे उभा राहिलो. खादर वली गारू मागून चालत माझ्यापाशी आले, शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळली, उलगडली, आणि हळूच म्हणाले, “मास्टरु, आज तुम्ही पुढं.” मी वळून पाहिले. सुवार्तम्मा चपलेचा पट्टा नीट करत होती. जोगाराव आकाशात काहीतरी शोधत होता. पद्मावतीने, नव्या डोळ्यांनी सगळे दिसत असूनही, पदर सावरला. मी पुढे झालो. नियम स्पष्ट होता. पुढे चालताना मला तुझे सगळे समजले. मागे गप्पा चाललेल्या ऐकू येतात, पण त्यांत शिरता येत नाही. कोणी हसले की वाटते, आपल्याला तर नव्हे? सगळ्यांचे डोळे आपल्या टाचेवर आहेत, या विचाराने पाऊल आणखी जड होते. दुसऱ्या वळणावर माझा श्वास संपला आणि मी दगडावर बसलो. शिट्टी वाजली. सगळे थांबले, सगळ्यांनी पाण्याच्या बाटल्या काढल्या आणि जागा किती छान आहे असे एकमेकांना सांगू लागले. चिट्टी, त्या जागेवरून समुद्र दिसत नाही. एक टेकाड आड येते. दिसतो तो फक्त रस्ता आणि एका वीटभट्टीचा धूर. मी इंजिन असेन तर नियमाप्रमाणे बावगारूंचा आवळा तिथेच लागेल. ही माणसे तोंडातून एक शब्द न काढता तिथेच खड्डा खणतील, आणि जन्मभर म्हणतील की इथून धूर फार सुंदर दिसतो. ते मला नको आहे. ते झाड तुझ्या वळणावर, त्या दोन ताडांसमोर लागले पाहिजे, आणि तिथपर्यंत मी एकटा पोहोचत नाही. मी कधी नियम मोडा म्हटलेले तुला आठवत नसेल, पण आता म्हणतो. एकदाच. तू माझ्याहून वेगाने चालतेस, तरी माझ्या पुढे चाल. पहिल्या वळणावर बस आणि हाक मार, दुसऱ्या वळणावर बस आणि हाक मार, लहानपणी मारायचीस तशी. मी येईन. फक्त या वेळी मी पोहोचल्यावर लगेच उठून पळू नकोस.

तुझ्या वळणाच्या खाली थांबलेला,
तुझाच,
अन्नय्या